सुझौची सुई

सुई कुठंच नव्हती.

शिवलीलानं ताणून बसवलेल्या कापडावरून बोटं फिरवली. मग पदर चाचपला, निऱ्या झटकल्या, आणि झटकल्यावर तिच्या लक्षात आलं की हे करायला नको होतं. साडीत अडकली असती तर निदान साडीत तरी राहिली असती. आता फरशीवर कुठं उडाली असेल, देव जाणे. ती आहे तिथंच उभी राहिली. पाऊल उचलायचीही भीती वाटायला लागली.

समोर चटईच्या कडेला तिची नात बसली होती. तेजस्वी, घरातली तेजू. नुकतीच रांगायला लागलेली, आणि कशालाही धरून उभं राहायला शिकलेली. लाकडी चमचा फरशीवर आपटत होती आणि तोंड हलवत होती.

"तेजू, काय हाय तोंडात? आ कर बघू. आ."

शिवलीलानं तिला उचलून बोटानं तोंड उघडलं. कोवळ्या हिरड्या, वर आलेले इवले दात, लाळ. बाकी काही नव्हतं. पण तोंडात नाही म्हणजे पोटात नाही असं कुठं होतं?

झालं होतं ते एवढंच. दुपारी पोर झोपलं की आतल्या खोलीचं दार लोटायचं आणि बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसून कशिदा काढायचा, हा तिचा रोजचा क्रम. उठायचं झालं तर सुई कापडात खोवायची, चौकट कपाटावर ठेवायची, मगच हलायचं. आज गॅसवाला आला. त्यानं बेलवरचं बोट काढलं नाही. बेलनं पोर उठलं आणि आतून किंचाळायला लागलं. तिनं चौकट दिवाणावरच टाकली, तेजूला आणून चटईवर ठेवलं आणि दार उघडलं. गॅसवाल्याला मोबाइलवर आलेला नंबर हवा होता. चष्मा सापडेना, मेसेज सापडेना, "मावशी, लवकर सांगा की, खाली गाडी आडवी हाय," म्हणून तो ओरडायला लागला. सिलिंडर आत घेऊन ती वळली तेव्हा तेजू दिवाणाला धरून उभी होती आणि चौकटीचं कापड ओढत होती.

तिला उचलून खाली बसवलं, चौकट कपाटावर ठेवायला घेतली, आणि कापडात सुई नव्हती.

शिवलीला शाहूपुरीतल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. तिच्या वर्गातल्या मुली आता आया झाल्या होत्या आणि रस्त्यात भेटल्या की अजून नकळत पदर सारखा करायच्या. तिच्या हातून चूक होत नाही, असं सगळे म्हणत आणि तिलाही ते खरं वाटे. सून शांभवी बाळंतपणाची रजा संपवून शिरोलीच्या कंपनीत परत निघाली तेव्हा तिनं पाळणाघराची चौकशी केली होती. शिवलीलाला ते लागलं होतं. "मी धडधाकट असताना पाळणाघर कशाला?" तिनं विचारलं होतं. शांभवी जरा घुटमळून म्हणाली होती, "तसं न्हाय आत्ती. पण तुमच्या त्या सुया... लहान पोर हाय घरात." तेव्हा शिवलीला हसली होती. "अगं, माझी सुई इकडची तिकडं व्हायची न्हाय."

हे वाक्य आता तिच्या कानात वाजायला लागलं.

कशिदा तिला आईकडून आला. आई गंगव्वा संकेश्वरची. ती दुपारी उंबऱ्यात बसून इरकलीच्या पदरावर कसुती भरायची. गोपुरं, रथ, मोर. कापड उलटं केलं तरी तसंच दिसायचं. गाठ मारायची नाही, असा दंडक होता. शिवलीलाला वाटायचं, सुईकामात याच्या पुढं काय असणार?

मग एकदा खालच्या मजल्यावरच्या रुचितानं तिला हाक मारून घरात नेलं. रुचिता तिची जुनी विद्यार्थिनी. तिचा नवरा वृषभ यंत्रांच्या सुट्या भागांचा व्यापार करायचा आणि त्यासाठी चीनला जाऊन यायचा. या खेपेला त्यानं तिथून तळहाताएवढी गोल लाकडी चौकट आणली होती. तीत जाळीसारखं पातळ रेशमी कापड, आणि कापडावर एक नारंगी मासा. त्याची शेपटी इतकी झिरझिरीत होती की शिवलीलानं नकळत श्वास रोखून धरला. वाऱ्यानं हलेल असं वाटत होतं.

"बाई, आता हिकडनं बघा की," रुचितानं चौकट फिरवली.

पलीकडूनही तोच मासा. तेच खवले, तोच डोळा.

"गाठ कुठाय?" शिवलीलानं विचारलं.

"तेच तर! मलाबी सापडंना. वृषभ म्हणतात, सुझौ म्हणून गाव हाय, तिथल्या बायका करत्यात."

त्या दिवसापासून शिवलीलाला दुसरं काही सुचेना. मोबाइलवर ती सुझौच्या बायकांची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघायची. एका बाईनं रेशमाचा एक धागा घेतला, त्याचे दोन केले, दोनाचे चार, आणि शेवटी डोळ्यांना दिसेना अशी एक तार सुईत ओवली. खडबडीत बोटांना ती तार अडकते म्हणून त्या बायका हात लोण्यासारखे मऊ ठेवायच्या. शिवलीला रात्री हातांना दुधाची साय चोळायला लागली. भांडी घासताना हातमोजे घालायला लागली. वीरेश, तिचा मुलगा, हसून म्हणाला होता, "आई, म्हातारपणी काय हे?" पण ती ऐकत नव्हती. आईचा दंडक तिला ठाऊक होता. पण गाठ न मारता असा जिवंत मासा उमटवता येतो, हे ठाऊक नव्हतं. आपल्याला ते जमेल का, एवढंच बघायचं होतं.

वृषभनं पुढच्या खेपेला तिच्यासाठी तिथल्या सुयांची पुडी आणली. केसासारख्या बारीक, आखूड. तिनं जुन्या ऑर्गंझाच्या साडीचा तुकडा चौकटीवर ताणला आणि मासा काढायला घेतला. डोकं झालं, पोट अर्धं झालं.

त्यातलीच ही सुई.

आता तिनं तेजूला कडेवर घट्ट धरलं आणि मोबाइलची बॅटरी लावून फरशीवर आडवी ठेवली. उजेड जमिनीलगत पडला की लहानशा वस्तूचीही लांब सावली पडते. सावल्या पडल्या. एक केसातली पिन निघाली, मुगाचा दाणा, कानातल्याची हरवलेली फिरकी. सुई नाही. तिनं दिवाणावरची चादर काढली, उशीचे अभ्रे उलटे केले, चटई गॅलरीत नेऊन हलक्या हातानं तपासली. तेजूचं झबलं काढून उजेडात धरलं, शिवणीशिवणीतून बोट फिरवलं आणि तिला दुसरं घातलं.

दुसरं झबलं घालून खाली बसवलं, तशी तेजू कळवळून रडली.

उचललं की पोर थोडं शांत व्हायचं. बसवलं की पुन्हा ओठ काढून रडायचं. "पोटात दुखतंय काय गं बाय? कुठं दुखतंय?" ती विचारत राहिली, जणू ते पोर उत्तर देणार होतं. नाचणीची पेज कोमट करून भरवायला गेली तर तेजूनं थोडी घेतली आणि सगळी बाहेर काढली. शिवलीलानं ती ओकारी बोटांनी चाचपली. पेजच होती. रक्त नव्हतं. तरी ती ओली बोटं कितीतरी वेळ उजेडात धरून बघत राहिली.

मग तिनं रुचिताला फोन केला. रुचिता वृषभच्या दुकानातलं चांगलं जाडजूड लोहचुंबक घेऊन धावत वर आली. दोघींनी मिळून खोलीचा कोपरान् कोपरा चुंबकानं पुसून काढला. दिवाणाखालून चुंबकाला काहीतरी चिकटल्याचा बारीक आवाज झाला आणि शिवलीला झटकन वाकली. ती स्टेपलरची पिन निघाली.

"बाई," रुचिता गुडघ्यावर बसूनच म्हणाली, "शांभवीला फोन लावा."

"जरा थांब. सापडंल."

"सापडली तर चांगलंच हाय. पण न्हाय सापडली तर? पोराला दवाखान्यात न्यायला पायजे."

"नेऊ या की. जरा एकदा आतली खोली बघू."

"आतल्या खोलीत सुई कशी जाईल, बाई?"

शिवलीलानं मोबाइलवर शोधून बघितलं होतं, पोरानं सुई गिळली तर काय होतं म्हणून. एके ठिकाणी लिहिलं होतं, पुष्कळदा आपोआप शौचातून पडून जाते. दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं तिनं अर्ध्यात सोडलं होतं.

तिनं फोन लावला. शांभवीनं लगेच उचलला. मागं माणसांचा आवाज होता.

"हां आत्ती, बोला. मीटिंग चाललीय. तेजू बरी हाय न्हवं?"

शिवलीलानं तोंड उघडलं. रुचिता तिच्याकडे बघत होती. खांद्यावर तेजू हुंदके देत होती. सांगायचं होतं ते सगळं जिभेवर होतं. मी सुई ठेवली, पोरानं कापड ओढलं, सुई सापडत नाही. एवढंच तर सांगायचं होतं.

"व्हय, बरी हाय," ती म्हणाली. "येताना जरा कोथिंबीर आण."

रुचितानं चुंबक खाली ठेवलं. शाळेत असताना तिनं बाईंना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आत्ताही दिलं नाही. फक्त म्हणाली, "मी गाडी काढून ठेवते खाली." आणि गेली.

शिवलीला तेजूला घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. मनात आलं, आत्ताच रुचिताबरोबर निघावं. मग वाटलं, आईला न सांगता तिचं पोर दवाखान्यात कसं न्यायचं? मग वाटलं, सांगायचं तर आत्ताच का नाही सांगितलं? पोर ग्लानी आल्यासारखं खांद्यावर मान टाकायचं आणि दचकून जागं व्हायचं. दर वेळी ते दचकलं की तिला वाटायचं, आत काहीतरी सरकलं. केसासारखी बारीक, टोकदार सुई. ती तिनंच निवडली होती. जास्तीत जास्त बारीक हवी म्हणून वृषभला बजावून सांगितलं होतं.

शांभवी आली ती हातात कोथिंबिरीची जुडी घेऊनच. दारातच थांबली. दिवाण भिंतीपासून ओढलेला, गाद्या उभ्या केलेल्या, सोफ्याच्या उशा उलट्यापालट्या.

"काय झालं? ढेकूण झाले काय?"

"शांभवी," शिवलीला म्हणाली, "माझी सुई हरवलीय."

शांभवीला कळायला क्षणभर लागलं. मग तिनं सासूच्या खांद्यावरचं पोर बघितलं, पोराचा रडून सुजलेला चेहरा बघितला.

"कधी?"

"दुपारी. तेजू चौकटीपाशी उभी होती."

"दुपारी?" शांभवीचा आवाज चढला. "मी फोनवर विचारलं न्हवं तुम्हाला? बरी हाय म्हणालात की!"

तिनं पोर खेचून घेतलं. जुडी कुठं पडली ते तिला कळलंही नाही. जिन्यावरून उतरताना तिच्या चपला निसटल्या, ती तशीच अनवाणी गेली. शिवलीला मागून चपला उचलून धावली.

रुचितानं गाडी परीख पुलाकडं घातली. राजारामपुरीतल्या हॉस्पिटलला तोच रस्ता जवळचा. पण संध्याकाळची वेळ. पुलाखाली गाड्या तुंबून राहिल्या होत्या. पुढं एक टेम्पो आडवा होऊन बसलेला. रुचितानं हॉर्न वाजवून वाजवून बघितलं, मग काच खाली करून ओरडली, "ओ पावणं, लहान पोर हाय गाडीत! वाट द्या की जरा!" टेम्पोवाल्यानं मान बाहेर काढून बघितलं आणि गाडी मागं घेतली. मागच्या सीटवर शांभवी पोराला छातीशी धरून बसली होती. शेजारी शिवलीला, मांडीवर सुनेच्या चपला. वाटेत शांभवी वीरेशला फोनवर एवढंच म्हणाली, "तेजूनं सुई गिळलीय बहुतेक. राजारामपुरीत ये." ते 'बहुतेक' ऐकताना शिवलीलानं डोळे मिटले आणि गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. मंत्र आठवेना. आयुष्यभर म्हटलेला मंत्र, आणि ओठांवर फक्त 'शिवा, शिवा' एवढंच.

वीरेश गोकुळ शिरगावहून मोटारसायकलवरून त्यांच्या आधी पोचला होता. हेल्मेट काढायचंही विसरला होता. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, शांत. तिनं तेजूचं पोट दाबून बघितलं, घसा बघितला, छाती ऐकली. "एक्स-रे काढू, कळेलच," म्हणाली. "सुई कुणी हरवली? किती लांब होती?"

"माझी," शिवलीला म्हणाली आणि अंगठ्यानं तर्जनीच्या पेरावर माप दाखवलं.

एक्स-रेच्या खोलीत शांभवी जड अ‍ॅप्रन घालून पोराला धरायला गेली. झबलं काढलं, गळ्यातला काळा दोरा काढला. बाहेरच्या बाकावर वीरेश आणि शिवलीला बसले. आतून तेजूच्या किंकाळ्या येत होत्या. वीरेशनं आईचा हात धरला नाही आणि रागही केला नाही. तो नुसता समोरच्या भिंतीकडं बघत होता. तिला वाटलं, हा ओरडला तर बरं होईल.

डॉक्टरनं सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यावर इवल्या बरगड्या दिसत होत्या, पाखराच्या असाव्यात तशा. खाली कमरेचं हाड. आणि त्याच्या बाजूला एक पांढरी, सरळ, झगझगीत रेघ.

कुणी काही विचारायची गरजच उरली नाही. वीरेशनं शांभवीला धरून खुर्चीवर बसवलं. शिवलीला भिंतीला टेकली. ती रेघ तिनं ओळखली. तीच ती लांबी, तेच टोक.

"ऑपरेशन करावं लागेल?" वीरेशनं विचारलं.

डॉक्टर पडद्याजवळ वाकली. तिनं रेघेवर बोट ठेवलं, मग नर्सकडं वळली. "डायपर काढलं होतं का?"

नर्सनं शांभवीकडं बघितलं. शांभवीनं नाही म्हणून मान हलवली. घाईत, पोर हातपाय झाडत असताना, ते तसंच राहिलं होतं.

"काढा. सावकाश. हातानं दाबू नका."

नर्सनं तेजूला टेबलावर आडवं केलं. चिकटपट्ट्या सोडवल्या, डायपर अलगद बाजूला केलं. तेजूच्या कमरेवर एका बाजूला बारीक ओरखडे होते, लालसर. मांजरीनं नखं लावल्यासारखे. नर्सनं डायपरची कड उजेडात धरली. कमरेच्या इलॅस्टिकजवळ कापसात आडवी रुतलेली सुई. टोक आतल्या बाजूनं थोडं बाहेर आलेलं.

पोर खाली बसलं की ते टोक टोचायचं. पोर रडायचं.

डॉक्टरनं पुन्हा एक्स-रे काढायला लावला. या वेळी पडद्यावर फक्त हाडं होती. तिनं छातीपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. "आत काही नाही. ओकारी रडून रडून झाली असेल. ओरखड्यांना मलम देते. आज रात्री ताप आला तर घेऊन या."

शांभवी तेव्हा रडली. पोराच्या उघड्या पोटावर तोंड ठेवून मोठ्यानं रडली. नर्सनं सुई एका लहान डबीत टाकून ती कुणाला द्यायची म्हणून हात पुढं केला. कुणीच घेईना. शेवटी शिवलीलानं घेतली.

घरी परतल्यावर वीरेश म्हणाला, "झालं गेलं. वाचलो. जेवून घ्या दोघी." शांभवी पोराला घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ती भाकरीचं पीठ मळत होती, तेव्हा शिवलीला तिच्या मागं जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "सुई अशी टाकून उठायला नको होतं."

शांभवीनं हात थांबवले नाहीत. "सुईचं न्हाय मला आत्ती. घाईत माझ्याकडनंबी काय काय होतं. परवा मीच तिला कॉटवर सोडून फोन घ्यायला गेलते." ती वळली. हात पिठाचे, डोळे सुजलेले. "तुम्ही मला कोथिंबीर आणायला सांगितलीत. पोरगीच्या पोटात सुई असंल, हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी बाजारात उभं राहून ताजी जुडी निवडत होते. बाईशी हुज्जत घालत होते, पानं पिवळी हायत म्हणून."

शिवलीला स्वयंपाकघरातून बाहेर आली.

सोमवारपासून तेजू पाळणाघरात जायला लागली.

शिवलीलानं चौकट, रेशीम, सुयांची पुडी, सगळं उचलून रुचिताकडं नेऊन दिलं. आता दुपारी घर रिकामं असायचं. रिकाम्या घरात तिला बसवेना. जरा टेकली की वाटायचं, फरशीवर काहीतरी चमकलं. ती उठायची, मोबाइलची बॅटरी जमिनीलगत धरायची आणि खोलीभर बघत फिरायची. सुई तर सापडलेली होती. हे तिला कळत होतं. तरी रोज बघायची. सकाळी सगळे उठायच्या आधी एकदा, तेजू घरी यायच्या आधी एकदा. नात जवळ आली तरी तिला उचलून घ्यायच्या आधी ती स्वतःच्या साडीवरून हात फिरवायची, आणि मग धीर न होऊन उचलायचीच नाही. तेजू पाय धरून उभी राहायची, वर बघायची, आणि कंटाळून निघून जायची.

एका रविवारी सकाळी ती अशीच जमिनीला गाल लावून दिवाणाखाली बघत होती, तेव्हा मागून शांभवीचा आवाज आला.

"काय हरवलं?"

शिवलीला दचकून उठायला गेली आणि डोकं दिवाणाला आपटलं. "काय न्हाय. उगंच."

शांभवी तिथंच फरशीवर बसली. "रोज करताय हे?"

शिवलीलानं मान डोलावली.

"आत्ती, खरं सांगा. त्या दिवशी का सांगितलं न्हाय तुम्ही?"

शिवलीलानं आधी पुष्कळ उत्तरं तयार केली होती. तू मीटिंगमध्ये होतीस, उगीच घाबरशील वाटलं, सापडेल वाटलं. त्यातलं एकही आता तोंडातून निघालं नाही.

"भ्याले," ती म्हणाली. "तू पोर माझ्याकडनं काढून घेशील म्हणून भ्याले."

"आणि काढून घेतलीच की," शांभवी म्हणाली. तिच्या आवाजात धार नव्हती, थकवा होता. "तुम्हाला ठाऊक न्हाय, ऑफिसात मी कशी बसते ती. फोन करते, तुम्ही म्हणता, बरी हाय. मग माझा जीव भांड्यात पडतो, मग काम सुचतं. तेवढ्या दोन शब्दांवर मी दिवस काढायची. आता पाळणाघरवाली म्हणते बरी हाय, तर मला तेही खरं वाटंना."

शिवलीलानं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. शांभवीनं तो धरला नाही, पण उठूनही गेली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, आतून तेजूचा आवाज येईपर्यंत.

कशिदा पुन्हा सुरू झाला तो रुचिताच्या रेट्यानं. "बाई, माझ्या घरात धूळ खात पडलाय तुमचा मासा. एक तर पुरा करा, न्हाय तर मी कापडासकट टाकून देते," ती म्हणाली. शिवलीला सकाळच्या वेळी खाली जाऊन रुचिताच्या खिडकीत बसायला लागली. पहिल्या दिवशी रेशमाची तार सुईत जाईना. दुसऱ्या दिवशी गेली. सुया त्याच घरात राहायच्या, डबीत, वरच्या फळीवर. वर येताना ती दारातच साडी तपासायची. मासा पुढं सरकत होता, पण शेपटीला ती झिरझिरीत जान येत नव्हती. मागच्या बाजूनं रेशीम एका ठिकाणी गोळा झालेलं दिसायचं. ती उसवायची, पुन्हा घालायची. रुचिताच्या घरातली ती चिनी चौकट समोर ठेवून ती कितीदा बघायची, पण तिथल्या बाईनं शेपटीचं टोक हवेत कसं विरघळवलं ते काही तिला उलगडेना.

मग पाळणाघर चालवणाऱ्या बाईच्या घरी कुणाला कांजिण्या आल्या आणि तिनं पोरं घ्यायची बंद केली. शांभवीनं आदल्या संध्याकाळी वीरेशशी बोलून बघितलं. दोघांनाही रजा नव्हती. सकाळी ती डबा भरताना म्हणाली, "आत्ती, तेजूला आज तुमच्याकडं ठेवते."

एवढंच. सूचना नाहीत, बजावणं नाही.

शिवलीलानं त्या दिवशी कशाला हात लावला नाही. रुचिताकडं गेली नाही, मोबाइल बघितला नाही, भाजीसुद्धा चिरली नाही. नुसती नातीच्या मागं मागं फिरत राहिली. आणि तरी जे व्हायचं ते झालं. तेजू दिवाणाला धरून उभी होती, हात सोडून एक पाऊल टाकायला गेली, आणि शिवलीलाच्या डोळ्यांदेखत कपाळावर पडली. फटकन आवाज झाला. पोरानं श्वास आत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मग टाहो फोडला.

बघता बघता कपाळावर टेंगूळ आलं. शिवलीलानं बर्फ रुमालात घालून लावला, पाणी पाजलं, डोळे नीट बघितले. तेजू रडता रडता हुंदक्यांवर आली. मग आजीच्या पदराशी खेळायला लागली.

संध्याकाळपर्यंत टेंगूळ बसेल, असं मनानं लगेच सांगितलं. तिनं फोन उचलला आणि लावला.

"हां आत्ती?"

"शांभवी, तेजू पडली," ती म्हणाली. "दिवाणापाशी. हात सोडून चालायला गेली. कपाळाला टेंगूळ आलंय, लिंबाएवढं. ओकली न्हाय. रडली, आता गप्प हाय, खेळतीया. बर्फ लावलाय. मी तिथंच होते, पण धरता आलं न्हाय. तू येतीस काय?"

पलीकडं कुणाचं तरी बोलणं, खुर्ची सरकल्याचा आवाज. शिवलीला फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली.

"ओकली तर सांगा," शांभवी शेवटी म्हणाली. "झोपू देऊ नगा लगेच, जरा वेळ खेळवा."

"आणि तू?"

"मी सहालाच येते. तुम्ही हायसा की तिथं."

शिवलीलानं फोन खाली ठेवला. ती फरशीवरच बसली. तेजूनं तिच्या मांडीवर चढून तिचा चष्मा ओढला, आणि तिनं तो ओढू दिला.